रकाना तेरा, रकाना चौदा: एका माजी सैनिकाच्या सेवामुक्तीच्या कागदाची दुरुस्ती

हे प्रकरण अमेरिकेच्या भूदलातून २००७ साली बाहेर पडलेल्या एका मराठी तरुणाचं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि तुकडी दिलेली नाही, काही तपशीलही बदलले आहेत. इथे त्याला सार्जंट म्हणू, कारण सेवा संपताना त्याचा हुद्दा तोच होता. मी वकील नाही. माजी सैनिकांना कागदपत्रांत हातभार लावणारा एक स्वयंसेवक एवढीच माझी भूमिका. २०१८च्या ऑगस्टमध्ये त्याची आई त्याला घेऊन माझ्याकडे आली तेव्हा हे काम सुरू झालं, आणि त्याचा मोठा भाग संपायला सव्वादोन वर्षं लागली. त्यातले काही महिने माझ्या चुकांमुळे गेले. त्या चुकाही इथे लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

सार्जंट नऊ वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत आलं. २००३ साली, हायस्कूल संपल्या संपल्या, तो सैन्यात भरती झाला. घरात कुणाला विचारलं नव्हतं. त्याचं काम ट्रक चालवण्याचं. भूदलाच्या भाषेत ८८ एम. त्याचं शिक्षण मिसूरीतल्या फोर्ट लेनर्ड वुडला झालं. २००५च्या सप्टेंबरमध्ये तुकडी इराकला गेली आणि वर्षभर बगदादच्या उत्तरेला बलाद इथल्या मोठ्या तळावरून रसद वाहण्याचं काम त्यांनी केलं. रात्रीचे ताफे, वीस-पंचवीस ट्रक, पुढेमागे मशीनगनच्या गाड्या. जानेवारी २००६मध्ये अशाच एका ताफ्यावर रस्त्याकडेला पुरलेला बॉम्ब फुटला आणि पाठोपाठ गोळीबार झाला. सार्जंटचा ट्रक स्फोटाच्या जागेपासून दुसरा होता. तो आणि शेजारी बसलेला जोडीदार दोघेही बचावले.

परत आल्यावर २००७च्या सुरुवातीला त्याने नवख्या सार्जंटांसाठीचा वॉरियर लीडर कोर्स केला आणि उन्हाळ्यात सेवा संपवून घरी आला. बाहेर पडताना प्रत्येकाला डीडी २१४ नावाचा फॉर्म मिळतो. सैन्यानंतरच्या आयुष्यात नोकरी, घरकर्ज, उपचार, पेन्शन, अगदी राष्ट्रीय दफनभूमीतली जागा, या सगळ्यासाठी हाच कागद मागतात. रकाना १३मध्ये पदकं, बिल्ले आणि फिती, रकाना १४मध्ये सैन्यात केलेले कोर्स, आणि रकाना २१मध्ये सैनिकाची सही.

ती सही त्याने कशी केली ते त्याच्याच शब्दांत: "काका, चार वाजले होते. सहाची फ्लाइट होती. बाईंनी विचारलं, सगळं बरोबर आहे ना? मी म्हटलं, हो. मी फक्त नाव आणि तारीख बघितली."

हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो आमची भेट होण्याच्या अकरा वर्षं आधी येऊन गेला होता. त्या टेबलापाशी अर्धा तास थांबून मसुदा तपासला असता तर पुढचं काहीच करावं लागलं नसतं. पण वर्षभर रात्रीचे ताफे चालवून आलेला तेवीस वर्षांचा मुलगा घरी जायच्या दिवशी रकाने मोजत बसेल, ही अपेक्षाच मला पटत नाही.

अडचण

२०१८मध्ये त्याच्या राज्याच्या परिवहन खात्यात धोकादायक मालाच्या वाहतुकीची तपासणी करणारी जागा निघाली. त्याने अर्जात लिहिलं की सैन्यात मी या विषयाचा दोन आठवड्यांचा कोर्स केला आहे आणि लहान तुकडीचं नेतृत्वही केलं आहे. खात्याने डीडी २१४ मागवला. त्यातल्या रकाना १४मध्ये एकच ओळ होती: ट्रकचालकाचा मूळ कोर्स. मुलाखत घेणाऱ्याने सभ्यपणेच विचारलं, पण विचारलं: "हे बाकीचं कुठे आहे?"

सार्जंट त्या प्रश्नाने आतून हलला होता. आपण खोटं बोललो असं समोरच्याला वाटलं असणार, हे त्याच्या मनातून जाईना. अर्ज मागे घेऊन तो घरी आला आणि आईला काही बोलला नाही. तिला ते आठवड्याने कळलं.

मी कागद हातात घेतला तेव्हा अडचण त्याला वाटत होती त्यापेक्षा मोठी निघाली. रकाना १३मध्ये नॅशनल डिफेन्स सर्व्हिस मेडल, दहशतवादविरोधी मोहिमेचं सेवापदक आणि आर्मी सर्व्हिस रिबन एवढ्याच तीन नोंदी होत्या. इराकमध्ये वर्षभर राहिलेल्या माणसाच्या कागदावर इराक कॅम्पेन मेडल नव्हतं. चकमकीत सापडलेल्यांना मिळणारा कॉम्बॅट ॲक्शन बॅज नव्हता. परदेशातल्या सेवेची फीत नव्हती. चार वर्षांत एकही शिस्तभंग नसताना गुड कंडक्ट मेडलही नव्हतं.

पण खरी मेख रकाना १३मध्ये नव्हती. आमच्या दोघांचंही तिकडे लक्ष जायला दुसरी बैठक उजाडावी लागली. रकाना १२मध्ये परदेशातली सेवा किती, याची एक ओळ असते. तिथे शून्य होतं. रकाना १८च्या शेऱ्यांमध्ये 'इराकमध्ये सेवा, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असा उल्लेख असायला हवा, तोही नव्हता. म्हणजे कागदाप्रमाणे हा माणूस अमेरिकेबाहेर पाऊलच टाकून आला नव्हता. जो गेलाच नाही त्याला इराकचं पदक कुठून मिळणार? पदकं गळाली नव्हती, त्यांच्या खालची जमीनच गायब होती.

एक गोष्ट त्याच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितली. "भाऊजी, गाडी चालवताना रस्त्याकडेला कचऱ्याची पिशवी दिसली ना, की हा झटक्यात लेन बदलतो. मागे कोण आहे तेही बघत नाही. झोपेचं तर विचारूच नका." सैन्यातून आल्यापासून त्याने माजी सैनिक खात्याकडे, म्हणजे व्हीएकडे, एकही दावा केला नव्हता. "मला काय झालंय? माझे हातपाय शाबूत आहेत," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आगीची गोष्ट

अकरा वर्षं त्याने प्रयत्न का केला नाही, यालाही कारण होतं. २००८मध्ये एका हितचिंतकाने त्याला सांगितलं होतं की सैन्याचे सगळे जुने कागद सेंट लुईसला जळून गेले, त्या नादी लागू नकोस.

आग लागली होती हे खरं. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस परिसरातल्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्रात ती लागली आणि १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या फायली गेल्या. पण जळाल्या त्या १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात बाहेर पडलेल्या भूदल सैनिकांच्या फायलींपैकी सुमारे ८० टक्के, आणि १९४७ ते १९६३ या काळातल्या वायुदल सैनिकांच्या ठरावीक आडनावांपुढच्या सुमारे ७५ टक्के. २००७ साली सुटलेल्या माणसाची फाइल त्या आगीत जळणं शक्यच नव्हतं. आगीच्या वेळी त्याचा जन्मही झालेला नव्हता. त्याची फाइल संगणकावर होती आणि घरबसल्या मागवता येत होती.

हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दहा वर्षं मी हे खरं धरून चाललो."

पर्याय

सप्टेंबर २०१८मध्ये त्याने मिलकनेक्ट या सरकारी संकेतस्थळावरून स्वतःची पूर्ण सेवाफाइल उतरवून घेतली. त्यात इराकला जाण्याचा हुकूम होता, वॉरियर लीडर कोर्सचा मूल्यांकन अहवाल होता, धोकादायक मालाच्या कोर्सचं प्रमाणपत्र होतं. कॉम्बॅट ॲक्शन बॅजचा मात्र कागद नव्हता.

आमच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली, डीडी २१४ला हात न लावता नोकरीपुरती सोय पाहायची. सैन्यातल्या प्रशिक्षणाचा उतारा जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्स्क्रिप्टमधून मिळतो, कॉलेजं तो मानतात, बरेच नोकरी देणारेही मानतात. ही वाट जलद होती. नोकरीपुरतं पाहिलं तर कदाचित पुरलीही असती. मी तीच सुचवली. सार्जंट म्हणाला, "काका, नोकरी दुसरी मिळेल. मी तिथे गेलो होतो हे कागदावर यायला हवं." त्यानंतर मी हा पर्याय पुन्हा काढला नाही.

दुसरी, प्रशासकीय दुरुस्ती. पुरावा स्पष्ट असेल तर केंटकीतल्या फोर्ट नॉक्स इथल्या भूदलाच्या मनुष्यबळ कार्यालयाकडे विनंती करता येते. ते मूळ डीडी २१४ बदलत नाहीत. डीडी २१५ नावाचं दुरुस्तीपत्र काढतात आणि ते मूळ कागदाला जोडायचं असतं.

तिसरी, नोंद-दुरुस्ती मंडळ. डीडी १४९ या फॉर्मवर अर्ज करायचा. १९४६ साली कायद्याने ही सोय झाली. त्याआधी एकेका सैनिकाच्या नोंदीसाठी संसदेत खासगी विधेयकं आणावी लागत. मंडळाकडे जाण्याआधी खालच्या प्रशासकीय वाटा संपवलेल्या असाव्या लागतात, आणि चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला तर न्यायाच्या दृष्टीने मंडळ तो माफ करू शकतं.

चौथी वाट एका मित्राने सुचवली: खासदाराच्या कार्यालयातून दबाव आणायचा. खासदाराचं कार्यालय फाइल कुठे आहे ते विचारू शकतं, पुरावा तयार करू शकत नाही. आमचा अर्जच अजून कुठे गेलेला नव्हता, मग विचारणार कशाबद्दल?

पाचवीही एक वाट काहीजण सुचवतात, ती इथे लिहून ठेवतो, कारण ती घातक आहे. रिकामा रकाना स्वतःच भरून घ्यायचा. डीडी २१४वर छापलेलंच असतं की छायांकित भागात फेरफार केला तर कागद रद्द ठरेल. शिवाय २०१३च्या 'स्टोलन व्हॅलर' कायद्याप्रमाणे लाभ मिळवण्यासाठी काही पदकांचा खोटा दावा करणं गुन्हा आहे, आणि त्या यादीत कॉम्बॅट ॲक्शन बॅजही येतो. सार्जंटने तो बिल्ला खरोखर कमावला होता, तरी कागद हाती येईपर्यंत आपल्या अर्जात त्याचा उल्लेख करायचा नाही, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. मुलाखतीतला तो प्रश्न त्याच्या मनात तेवढा रुतला होता.

बिल्ल्याचा शोध

हा बिल्ला पायदळाव्यतिरिक्तच्या सैनिकांसाठी २००५च्या मे महिन्यात सुरू झाला. पायदळाचा वेगळा बिल्ला आधीपासून होता, पण इराकमध्ये ट्रकचालक, मेकॅनिक, स्वयंपाकीसुद्धा गोळीबारात सापडत होते आणि त्यांच्यासाठी काहीच नव्हतं.

त्या जानेवारीतल्या हल्ल्यानंतर कंपनीने नावं पाठवली होती, हे सार्जंटला आठवत होतं. बिल्ले वाटले तेव्हा तो पंधरा दिवसांच्या रजेवर घरी आलेला होता. परत गेल्यावर कुणीतरी म्हणालं, तुझाही आला आहे, कागद ऑफिसात आहे. त्याने विचारलं नाही. मग तुकडी परतली आणि ते ऑफिसही उठलं.

मी आधी विचार केला होता की जोडीदाराकडून शपथपत्र घेऊ. इथे सार्जंट माझ्यापेक्षा शहाणा निघाला. तो म्हणाला, शपथपत्र नको, त्याच्याकडे त्याच्या बिल्ल्याची ऑर्डर असेल, ती मागू. त्या काळी एकाच ऑर्डरवर अनेक नावं असायची. जोडीदार टेक्ससमध्ये होता. बारा वर्षांत दोघं बोलले नव्हते. फोन दोन तास चालला, त्यातली ऑर्डरची गोष्ट शेवटच्या पाच मिनिटांत झाली. दुसऱ्या दिवशी स्कॅन आला. सात नावं होती, चौथं सार्जंटचं.

फक्त आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं. एक 'एच' गळाला होता. आपल्या आडनावांतले 'एच' परदेशी टायपिस्टला नेहमीच जास्तीचे वाटतात, आणि त्या एका अक्षरापायी ऑर्डर त्याच्या फायलीत जाऊन पडली नव्हती, असा माझा अंदाज आहे. पण नावापुढे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे अमेरिकेतला ज्याचा त्याचा वेगळा सरकारी क्रमांक, होता आणि तो बरोबर होता.

माझी चूक

नोव्हेंबर २०१८मध्ये मी एकच जाडजूड पाकीट तयार केलं. नऊ मागण्या, साठेक पानं, वर भावनिक दोन पानी पत्र. ऑर्डरवर इतर सहा जणांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक होते. दुसऱ्यांची खासगी माहिती पाठवू नये म्हणून मी काळ्या मार्करने सगळे क्रमांक झाकले. सगळे, म्हणजे सार्जंटचाही.

जानेवारीत पाकीट परत आलं. ऑर्डरवरचं नाव अर्जदाराच्या नावाशी जुळत नाही, आणि इतर मागण्यांपैकी काहींसोबत पुरावा नाही. जुळवण्याचं एकमेव साधन मीच काळं करून पाठवलं होतं. सार्जंटला हे सांगायला फोन केला तेव्हा माझा आवाज कापत होता. तो एवढंच म्हणाला, "परत पाठवू, काका."

त्या रात्री आम्ही नऊच्या नऊ मागण्या टेबलावर वेगळ्या केल्या. प्रत्येक मागणीला एकच प्रश्न: हे मिळालं होतं पण लिहायचं राहिलं, की हे मिळालंच नव्हतं? पहिल्या प्रकारात हुकूम, प्रमाणपत्र किंवा नियम आधीपासून असतो, फक्त नोंद करून घ्यायची असते. दुसऱ्या प्रकारात कुणीतरी आज नव्याने निर्णय घ्यावा लागतो. दोन्ही एकाच अर्जात घातले की सरळ कामही अवघड कामाच्या रांगेत जाऊन बसतं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

वाटणी अशी झाली. परदेशातली सेवा, इराक कॅम्पेन मेडल, परदेश सेवेची फीत, कॉम्बॅट ॲक्शन बॅज आणि कोर्स पहिल्या गटात. शिवाय शोधताना कळलं की त्याच्या कंपनीला इराकमधल्या त्या काळासाठी मेरिटोरियस युनिट कमेंडेशन मंजूर झालं होतं, पण २००८मध्ये, म्हणजे हा घरी आल्यानंतर. तुकडीला मिळालेले असे सन्मान बहुतेकदा सैनिक बाहेर पडल्यावर जाहीर होतात आणि भूदलाच्या जनरल ऑर्डरमध्ये छापले जातात. त्या काळात तुकडीत असलेल्या प्रत्येकाचा त्यावर हक्क असतो. पण ज्याचा डीडी २१४ आधीच छापून झाला, त्याला कुणी पत्र लिहून कळवत नाही. त्याला स्वतःलाच शोधावं लागतं. २००१नंतरच्या मोहिमांतून आलेल्या प्रत्येकाने आपल्या तुकडीच्या जनरल ऑर्डर एकदा तरी बघाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

गुड कंडक्ट मेडल दुसऱ्या गटात गेलं. तीन वर्षांची चांगली वर्तणूक पुरेशी असली तरी ते आपोआप मिळत नाही, कमांडरची मंजुरी आणि ऑर्डर लागते. ती कुणी काढलीच नव्हती. तेव्हा ते मंडळाचं काम.

पदकांपलीकडे परदेश सेवेचा पाया सिद्ध करायचा होता. जाण्याचा हुकूम फायलीत होता, पण तो फक्त जा म्हणतो, गेला हे सांगत नाही. इथे त्याच्या आईचा स्टीलचा डबा कामी आला. तो पगाराचा काही भाग घरी पाठवायचा आणि पगाराच्या पावत्याही पत्रात घालून द्यायचा. "त्याच्या हातचं अक्षर पाकिटावर असायचं म्हणून ठेवली," वहिनी म्हणाल्या. सप्टेंबर २००५ ते सप्टेंबर २००६ अशा सलग पावत्या होत्या आणि प्रत्येकीवर धोक्याच्या क्षेत्रातला भत्ता, महिना २२५ डॉलर. सैन्य स्वतः जो भत्ता देत होतं, तोच त्याच्या तिथे असण्याचा पुरावा झाला.

फेब्रुवारी २०१९मध्ये नवं पाकीट गेलं. फक्त पहिल्या गटाच्या मागण्या. प्रत्येक मागणीचं एक पान: कोणता रकाना, सध्या काय लिहिलं आहे, काय हवं, कोणत्या पुराव्यावरून. ऑर्डरवर बाकी सहा क्रमांक झाकलेले आणि सार्जंटचा उघडा. भावनिक पत्र काढून टाकलं.

व्हीएचा दावा: थांबायचं की नाही

याच सुमारास एक निर्णय घ्यायचा होता. झोप आणि गाडी चालवतानाच्या त्रासाबद्दल व्हीएकडे दावा आत्ता करायचा, की दुरुस्ती होईपर्यंत थांबायचं? चकमकीचा बिल्ला कागदावर असेल तर हल्ला झाला हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही, सैनिकाचं स्वतःचं कथन पुरेसं धरलं जातं. म्हणून थांबावं असं मला वाटत होतं. पण मंजुरीची रक्कम दाव्याच्या तारखेपासून मिळते, आणि थांबणं म्हणजे महिने गमावणं.

मधली वाट होती, 'दावा करण्याचा इरादा' नोंदवायची. तो नोंदवला की एका वर्षाच्या आत पूर्ण दावा केल्यास आधीची तारीख धरली जाते. आम्ही तो फेब्रुवारी २०१९मध्ये नोंदवला. ऑगस्ट २०१८मध्ये पहिल्याच भेटीत नोंदवता आला असता, त्याला कोणताही पुरावा लागत नाही. ते सहा महिने त्याच्या खिशातून गेले. या प्रकरणातली मला सर्वांत लागलेली चूक हीच आहे, मार्करच्या चुकीपेक्षाही.

निकाल

जुलै २०१९मध्ये डीडी २१५ आला. परदेश सेवा शून्याची एक वर्ष झाली आणि इराकच्या तारखा शेऱ्यांत आल्या. इराक कॅम्पेन मेडल दोन कांस्य ताऱ्यांसह मिळालं, कारण त्याचा मुक्काम १५ डिसेंबर २००५ला संपलेल्या आणि १६ डिसेंबरला सुरू झालेल्या अशा मोहिमेच्या दोन टप्प्यांवर पसरलेला होता. परदेश सेवेची फीत, तुकडीचा सन्मान आणि कॉम्बॅट ॲक्शन बॅज लागले. रकाना १४मध्ये दोन कोर्स वाढले.

एक मागणी नाकारली गेली. रणभूमीवरच्या प्रथमोपचाराचा कोर्स लिहिला गेला नाही. रकाना १४ नागरी आयुष्यात नोकरीला उपयोग व्हावा म्हणून आहे, त्यामुळे लढाईच्या कौशल्यांचे कोर्स त्यात घेत नाहीत. हा नियम आधी वाचला असता तर मी ती मागणी घातलीच नसती. सार्जंटला मात्र ते पटलं नाही. हल्ल्याच्या रात्री त्याने हेच शिक्षण वापरलं होतं. कुणावर, ते त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये व्हीएचा पूर्ण दावा गेला, २०२०च्या सुरुवातीला मंजूर झाला, आणि रक्कम फेब्रुवारी २०१९पासून धरली गेली. ऑगस्ट २०१९मध्येच गुड कंडक्टसाठी मंडळाकडे डीडी १४९ गेला होता. बारा वर्षं उशीर का, या प्रश्नाला आम्ही आगीची गोष्ट जशी घडली तशी लिहिली. ऑक्टोबर २०२०मध्ये निर्णय आला: प्रतिकूल नोंद एकही नाही, पदक द्यावं. आणखी एक दुरुस्तीपत्र निघालं.

परिवहन खात्यातली ती जागा तोवर भरली गेली होती. २०२१मध्ये तशीच दुसरी निघाली. अर्जासोबत त्याने डीडी २१४ आणि दोन्ही दुरुस्तीपत्रं एकत्र लावली. मूळ कागद बदलत नाही, त्यामुळे नुसता २१४ पुढे केला तर तो अजूनही जुनंच सांगतो. तिन्ही कागदांच्या प्रती एका फोल्डरमध्ये ठेव, एकही सुटा देऊ नकोस, असं मी त्याला बजावून ठेवलं आहे. काहीजण सुरक्षिततेसाठी डीडी २१४ काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, दप्तरात नोंदवतात. तसं करण्याआधी ती नोंद कुणालाही पाहता येते का, हे तिथे विचारून घ्यावं, कारण कागदावर सोशल सिक्युरिटी क्रमांक असतो. सार्जंटने नोंदवला नाही. नोकरी मिळाली.

जे उरलं

एक मागणी आम्ही कुठेच पाठवलेली नाही. हल्ल्याच्या रात्रीबद्दल त्याच्या लेफ्टनंटने त्याची आर्मी कमेंडेशन मेडलसाठी शिफारस लिहिली होती, असं त्याला त्या वेळी सांगण्यात आलं होतं. तो कागद पुढे गेला की नाही, कुणाला माहीत नाही. फायलीत त्याचा मागमूस नाही. हे राहून गेलेली नोंद करून घेण्याचं काम नाही, कारण पदक दिलंच गेलं नव्हतं. मुदतीत न गेलेल्या शिफारशीचा विचार व्हावा यासाठी कायद्यात सोय आहे, पण त्याकरता संसद सदस्याने ती पुढे पाठवावी लागते आणि शिफारस नव्याने लिहावी लागते, शक्यतो ज्याने तेव्हा पाहिलं त्यानेच.

लेफ्टनंट सापडला. निवृत्त आहे, त्याला सगळं आठवतं. त्याने तीन पानी निवेदन सही करून पाठवलं आणि शिफारशीचा फॉर्मही पुन्हा भरून दिला. खासदाराच्या कार्यालयाला द्यायचं संमतीपत्र मी सार्जंटच्या हातात ठेवलं, तेव्हा त्याने निवेदन दोनदा वाचलं. दुसऱ्या पानावर त्या रात्री जीव गमावलेल्या माणसाचं नाव आहे. त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय हे पुढे पाठवायचं नाही, असं तो म्हणाला. पत्ता मिळाला आहे. पत्र त्याने अजून लिहिलेलं नाही, आणि मी त्याला घाई करत नाही.